पंचम वर्ज्य, अक्षरे तीन

षड्ज दोन घरांत मावतो. बाकीच्या सहा स्वरांना तीन-तीन घरे लागतात: ऋषभ, गांधार, मध्यम, पंचम, धैवत, निषाद. संगीतावरचे शब्दकोडे रचायला बसलेल्या माणसाला हा हिशेब लगेच कळतो. गाणे शिकणाऱ्याला तो जन्मभर कळला नाही तरी त्याचे काही अडत नाही.

आर्थर विन यांनी १९१३ च्या डिसेंबरात न्यूयॉर्क वर्ल्ड या वृत्तपत्रात पहिले शब्दकोडे छापले, तेव्हा त्यांच्या हाताशी फक्त २६ अक्षरे होती. मराठीत एका घरात काना, मात्रा, वेलांटीसकट अख्खे अक्षर बसते, जोडाक्षर असले तरी. त्यामुळे 'तान'मधला 'ता' आणि 'तबला'मधला 'त' एकमेकांना ओळखही देत नाहीत. 'मध्यम' आडवा टाकला की मधल्या 'ध्य'मधून खाली कोणता शब्द सोडायचा, या विचारात रचणाऱ्याची संध्याकाळ जाते. म्हणून मराठी कोड्यात काळी घरे जास्त आणि शब्द आखूड. मुरलेला रचनाकार 'म'ला धरून राहतो. सम, यमन, गमक, पंचम या सगळ्यांत 'म' आहे आणि तो सुटा, बिनकान्याचा आहे. काही जण ऱ्हस्व-दीर्घाकडे कानाडोळा करतात, 'पूरिया'चा 'पू' आणि 'पुकार'चा 'पु' एकाच घरात कोंबतात. मला ते पटत नाही. निदान गाण्याच्या कोड्यात तरी दीर्घाला दीर्घ म्हणावे.

खरी गंमत सूचनांत असते. गाण्यातले कितीतरी शब्द बाजारात, कोर्टात आणि कारखान्यात रोज वापरले जातात, आणि रचनाकार त्याचा पुरेपूर फायदा घेतो. खटला भरणारा स्वर म्हणजे वादी. वायरमनच्या पिशवीतही असते आणि रागाच्या ओळखीलाही लागते ती पकड. खिशातले आणि रागातले चलन, एसटीच्या तिकिटातला आणि गाण्यातला टप्पा, वाण्याच्या पाटीवरचे घराणे किराणा. आमच्या मांजर्लीत जिथे पाहावे तिथे इमारत उठते आहे. इथे 'ठेका' हा शब्द वाचला की तबल्याच्या आधी कंत्राटदारच डोळ्यांपुढे येतो. सूचना वाचून पहिल्यांदा चुकीच्या दुकानात शिरायचे आणि मग पाय मागे घेऊन बरोबर दारातून आत यायचे, यात कोडे सोडवणाऱ्याचे निम्मे सुख आहे.

बदलापूर पश्चिमेच्या या भागातून मुंबईला नोकरीला जाणाऱ्याचा लोकलमध्ये एका बाजूने तासाच्या वर वेळ जातो. चौथी सीट मिळाली नाही तर वर्तमानपत्राची चौघडी करून उभ्याउभ्याने कोडे सोडवावे लागते. अशा वेळी खांद्यावरून डोकावणारा कुणीतरी 'अहो, झपताल टाका, दहा मात्रा आहेत ना' म्हणून मोकळा होतो. या माणसाने कधी तानपुरा हातात घेतला असेल असे नाही. शब्द त्याच्यापर्यंत पोचले आहेत, एवढे खरे.

याच गोष्टीवर आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर पेटी शिकवणारे सर नाराज असतात. त्यांच्याकडची मुले गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसतात, प्रारंभिकपासून मध्यमापर्यंत. शास्त्राची उत्तरे मुलांना धडाधड येतात आणि गायला बसवले की गांधार घसरतो. ते मला म्हणाले, "शब्द येतात हो सगळ्यांना. सूर कुठे येतो?"

त्यांची तक्रार मी ऐकून घेतो, पण निम्मीच मान्य करतो. शब्द आधी आणि सूर मागाहून, हीही एक वाट आहे, आणि श्रोत्यांपैकी फार मोठा भाग याच वाटेने आलेला आहे. ज्याला 'मींड' हा शब्द ठाऊक नाही त्याच्या कानावर मींड पडते आणि निघून जाते. 'छान वाटले' यापलीकडे तो काही सांगू शकत नाही. शब्द माहीत असला की कानात एक मोकळे घर तयार होते. कधीतरी, कुठल्यातरी मैफलीत, ते भरते. विष्णु नारायण भातखंडे यांना हे नीट उमगले असावे. व्यवसायाने वकील असलेल्या या माणसाने रागांची दहा थाटांत मांडणी केली आणि आपला 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' हा मोठा मराठी ग्रंथ प्रश्नोत्तरांच्या रूपात लिहिला. शिष्य विचारतो, गुरू सांगतो. त्यांची स्वरलिपी पाहिली तर ती चौकटच आहे. तीनतालाच्या सोळा मात्रा, चार-चारांचे चार विभाग, एका ओळीत स्वर, त्याखाली बंदिशीची अक्षरे, त्याखाली समेची फुली आणि खालीचे शून्य. आडवे वाचले तर चाल कळते. उभे वाचले तर कुठले अक्षर कुठल्या मात्रेवर, कुठल्या स्वरात पडते ते कळते. एक घर चुकले की मुखडा समेवर येत नाही.

आता सरांची उरलेली निम्मी तक्रार. समजा, कोड्यात सूचना अशी आहे: 'पंचम वर्ज्य, ऋषभ कोमल, मध्यम तीव्र, बाकी शुद्ध. तीन अक्षरी राग.' उत्तर मारवा. उत्तर पूरिया. उत्तर सोहनी. तिन्ही बरोबर, तिन्हींचे स्वर तेच, आणि योगायोग असा की तिन्हींना घरेही तीनच लागतात. कोडे सोडवणारा इथे पेन्सिल उचलून थांबतो. त्याला उभ्या शब्दाची वाट पाहावी लागते. मधल्या घरात वरून 'र' उतरला तर मारवा, 'रि' आला तर पूरिया, 'ह' आला तर सोहनी. छेदणारे अक्षर मिळेपर्यंत तीन रागांचे एकच घर.

ऐकणाऱ्याचीही नेमकी हीच अडचण असते. सहा स्वर कानावर आले म्हणून राग कळत नाही. त्या स्वरांना कशाने छेद दिला आहे ते शोधावे लागते. मारव्यात कोमल ऋषभ आणि धैवत यांच्यावर वजन, आणि षड्ज इतका टाळलेला की ऐकणारा अस्वस्थ होतो. पूरियात गांधार आणि निषाद प्रबळ, गाणे मंद्र सप्तकात मुक्काम करून असते. सोहनी खाली फारशी रमतच नाही, तार षड्जाच्या आसपास चमकत राहते. म्हणजे स्वर आडवे मांडलेले असतात आणि मुक्कामाची जागा त्यांना उभी छेदून जाते. परीक्षेच्या वहीत हेच 'वादी, संवादी, समय' अशा तीन रकान्यांत लिहिलेले असते. रकाने खोटे नाहीत. पण वादी ऋषभ लिहिणे आणि त्या ऋषभावर किती वेळ, कुठल्या बाजूने येऊन थांबायचे हे जाणणे, यांतले अंतर वही सांगत नाही, कोडेही सांगत नाही.

चौकटीला किती कळते आणि कुठे कळेनासे होते, याचा जुना पुरावा आपल्याच मातीत आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांकडे, सिंघण राजाच्या पदरी असलेल्या शारंगदेवांनी 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात खंडमेरू नावाचा एक तक्ता आहे. सात स्वर प्रत्येकी एकदाच घेऊन किती प्रकारे मांडता येतात? ५०४०. सा रे ग म प ध नी हा पहिला क्रम, नी ध प म ग रे सा हा शेवटचा. शारंगदेव केवळ मोजून थांबत नाहीत. कोणी मधलाच एखादा क्रम सांगितला तर त्याचा क्रमांक काढायचा, आणि नुसता क्रमांक सांगितला तर तो क्रम काढायचा, अशा दोन्ही रीती ते देतात. तक्त्याला सात उभे रकाने, पहिल्यात एकच घर, मग दोन, तीन असे वाढत सातव्यात सात. पहिल्या रकान्यात १, दुसऱ्यात ० आणि १, तिसऱ्यात ०, २, ४, चौथ्यात ०, ६, १२, १८. सातव्याच्या तळाशी ४३२०. प्रत्येक रकान्यात एका घरात खडा ठेवायचा आणि खड्यांखालचे आकडे मिळवायचे. सा, रे, ग एवढेच स्वर घेतले तर 'रे ग सा' या क्रमासाठी खडे १, ० आणि ४ वर बसतात, क्रमांक पाचवा. सातशे वर्षांहून जुन्या या कोड्याचे उत्तर आजही तंतोतंत येते.

आणि तरी ५०४० पैकी कुठला क्रम गायचा, याबद्दल तक्ता चकार शब्द काढत नाही. भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँ यांनी खंडमेरूचा, म्हणजेच मेरुखंडाचा, हा हिशेब गळ्यात उतरवला, आणि इंदूरच्या अमीर खाँ यांनी तो अतिविलंबित लयीत नेला. अमीर खाँचा मारवा ऐकताना कुणाला खड्यांची आठवण होत नाही. पण मांडणीमागे मांडणी येत जाते, एकही घर घाईने भरले जात नाही, तेव्हा गणित कुठेतरी खाली चालू आहे हे जाणवते. गणिताने त्यांना पर्याय दिले. निवड त्यांची.

अलीकडे बरेच कलाकार बसल्याबसल्या रागाचे नाव जाहीर करतात. ती रीत सोयीची असेल, पण ती कोड्यासोबतच उत्तर छापण्यासारखी आहे. नाव न सांगता सुरू झालेली एक मैफल सर आणि मी कल्याणला ऐकली. पहिल्या आलापात मी पूरिया म्हटले. सर म्हणाले, "थांबा जरा, गांधारावर अजून बसलाय कुठे?" बंदिश सुरू झाली तरी आमचे एकमत नव्हते. परतीच्या गाडीत विठ्ठलवाडी आणि उल्हासनगर वादातच गेले. अंबरनाथ सुटल्यावर समोरच्या बाकावरचा, तोवर झोपलेला वाटणारा एक गृहस्थ डोळे न उघडता म्हणाला, "मारवाच होता तो. तुम्ही दोघेही षड्जाची वाट बघत होतात ना?"