इबरत म्हणजे पार जाणे

ऐतिहासिक वास्तू पाहून परतणाऱ्या माणसावर काही देणे उरते का?

भूमध्य समुद्रातील जहाजसफरीच्या जाहिराती आता मराठी वर्तमानपत्रांतही दिसतात. रात्री प्रवास, सकाळी बंदर. मालागाला उतरायचे, बसने ग्रानाडा गाठायचे, अल्हम्ब्रा पाहायचा आणि संध्याकाळी जहाजावर परतायचे. अशा पाहुण्यांच्या गर्दीला व्हेनिस कंटाळले. २०२१ मध्ये मोठ्या जहाजांना शहराच्या मध्यातील जलमार्ग बंद झाला; २०२४ मध्ये दिवसापुरते येणाऱ्यांवर ठरावीक दिवशी शुल्क सुरू झाले.

पण दोष फक्त घाईला देऊन भागत नाही. १९३३ मध्ये इक्बाल स्पेनला गेले ते मुसाफिर म्हणूनच. त्या भेटीतून ‘मस्जिद-ए-कुर्तुबा’ ही नज्म जन्मली. तेव्हा प्रश्न किती तास पाहिले हा नसून काय पाहिले हा आहे.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसी परिसरात आम्ही उर्दू माध्यमाच्या मुलांना शिकवतो. इथे चादरी आणि टॉवेल विणले जातात. इथला टॉवेल परदेशी जातो. त्या जहाजाच्या खोलीतही तो टांगलेला असेल. ज्याने तो विणला, त्याच्या मुलाने मात्र शंभरेक किलोमीटरवरचे विजापूर पाहिलेले नसते. कामावर खाडा म्हणजे मजुरीला खाडा. सहलीची वर्गणी त्या घराला जड जाते.

कशीबशी सहल निघाली, की आम्ही शिक्षक मुलांना काय सांगतो? “पाहा, हे आपल्या बादशहांनी बांधले.” मुलांच्या माना ताठ होतात. ज्या मुलांना ‘तुम्ही बाहेरचे’ असे ऐकावे लागते, त्यांना या अभिमानाची गरज आहे हे आम्ही नाकारत नाही. पण गोलघुमटाच्या सज्जात उभे राहून हाक मारली, की परत येतो तो आपलाच आवाज. केवळ अभिमान शोधत गेलेल्याला वास्तूही तेवढेच परत देते.

मुहम्मद आदिलशहाचे नाव पुस्तकात आहे. दगड फोडणारे, चुना मळणारे, परात डोक्यावर घेऊन चढणाऱ्या बाया यांची नावे नाहीत. खरे पाहता आमच्या मुलांचे नाते तख्तापेक्षा त्या हातांशी जवळचे आहे. नळदुर्गला दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल उभारला गेला. तिथे शाही शौकापेक्षा पाण्याचा हिशेब जाणणाऱ्या कारागिराची अक्कल पाहावी. ती अक्कल कोणत्याही एका कौमची जहागीर नाही. शिकेल त्याची ती आहे.

आपल्याकडे ‘इबरत’ हा शब्द धडा या अर्थाने वापरतात. अरबीत तो ‘उबूर’ म्हणजे पार जाणे या शब्दाचा सख्खा भाऊ आहे. दिसणाऱ्या दगडावरून न दिसणाऱ्या माणसापर्यंत पोहोचणे, ही इबरत. समुद्र ओलांडूनही कुणी अलीकडेच राहतो. कुणी पन्नासेक किलोमीटरवरच्या नळदुर्गला जाऊन पार होतो.

म्हणून सहलीला निघण्यापूर्वी मुलांना एकच प्रश्न द्यावा: हा दगड कोणी उचलला, आणि त्याला काय मिळाले? ज्या मुलाच्या मनात हा प्रश्न रुजेल, तो घरी परतल्यावर मागावर उभ्या असलेल्या बापाकडेही नव्या नजरेने पाहील. पाहण्याचे देणे फिटते ते तिथे.