मोडावं की थांबावं?

भाची: मामा, माझा गोल्फचा खेळ पार बसलाय. पावसाळा संपल्यापासून येरवड्याला एकही फेरी धड झाली नाही. ड्रायव्हर मारला की चेंडू उजवीकडे वळतो, ग्रीनवर चेंडू होलमध्ये घालायला तीन-तीन पट लागतात. शिकवणारा प्रो म्हणतो, ग्रिपपासून सगळं नव्याने बांधू. तू म्हणतोस, गप्प बस, येईल परत. कुणाचं ऐकू?

मामा: आधी बसलंय किती ते बघू. तुझा हँडिकॅप काय?

(मामा फौजेतून निवृत्त झालेले. उत्तर देण्याआधी समोरच्याचा प्रश्नच दुरुस्त करायची सवय तिथलीच असावी.)

भाची: चौदा. पण हल्ली ठरलेल्या फटक्यांपेक्षा बावीसेक जास्त लागतात.

मामा: हँडिकॅप काढतात शेवटच्या वीस फेऱ्यांतल्या सर्वांत चांगल्या आठ घेऊन. उरलेल्या बारा त्यात धरतच नाहीत. म्हणजे चौदा हा तुझ्या चांगल्या दिवसांचा आकडा. एरवी त्याहून दोन-चार फटके जास्त लागणारच. त्याला घसरण कशाला म्हणतेस? तो तुझा रोजचा खेळ आहे.

भाची: चार माफ केलेस. उरलेल्या चारांचं काय?

मामा: त्यात नशिबाचाही वाटा असेल. आठ फुटांवरून पीजीए टूरवरचे खेळाडूसुद्धा साधारण निम्मेच पट घालतात. तुझे महिनाभर काठाला लागून बाहेर राहिले, तर लगेच स्विंग मोडायचा? शिवाय एक गंमत आहे. माणूस उपाय शोधतो तो अगदी तळाला पोचल्यावर. तिथून बहुतेक वेळा खेळ आपणच वर येतो आणि श्रेय मिळतं नव्या ग्रिपला. ताप उतरायच्या वेळी घेतलेल्या गोळीसारखं.

भाची: पटिंगचं मान्य. पण चेंडू उजवीकडे वळतो ती स्लाइस नशिबाने होत नाही. फटक्याच्या क्षणी क्लबचा चेहरा उघडा राहतो म्हणून होते. कारण समोर दिसत असताना वाट बघायची, याला तू धीर म्हण, मी आळस म्हणेन. गोल्फर निक फाल्डोने काय केलं? १९८३ साली युरोपात पाच स्पर्धा जिंकलेला माणूस. तरी आपला स्विंग मोठ्या स्पर्धेच्या दडपणाखाली टिकत नाही, हे त्याने ओळखलं आणि प्रशिक्षक डेव्हिड लेडबेटरकडे जाऊन तो मुळापासून बदलला. मधली दोन-अडीच वर्षं विजय नाही. मग १९८७ साली म्युरफिल्डला शेवटच्या दिवशी अठराच्या अठरा होल पारमध्ये, म्हणजे ठरलेल्या फटक्यांतच, खेळून ब्रिटिश ओपन जिंकला. पुढे आणखी पाच मेजर स्पर्धा.

मामा: आता दुसरा घे. इयन बेकर-फिंच, १९९१चा ओपन विजेता. त्यालाही वाटलं, अजून सुधारायला हवं, चेंडू लांब जायला हवा. स्विंगमध्ये बदल सुरू केले. १९९५ साली सेंट अँड्र्यूजच्या पहिल्याच टीवरून त्याने चेंडू डावीकडे आउट ऑफ बाउंड्स घातला. तिथे पहिला आणि अठरावा फेअरवे मिळून एक भलंमोठं मैदान आहे, चुकायला जागाच नाही म्हणतात. १९९७ साली ट्रूनला पहिल्या फेरीत ९२ फटके लागले, आणि त्याने स्पर्धा सोडली. सरावाच्या रेंजवर मात्र हाच माणूस छान मारायचा!

भाची: म्हणजे बदल केला म्हणून एक चढला आणि दुसरा पडला. हे आपण आज सांगतोय. १९८६ साली फाल्डोला कुणी विचारलं असतं, तर त्याच्याकडे दाखवायला काय होतं? बदल करताना दोघांच्याही हातात काहीच नव्हतं.

मामा: फरक होता. फाल्डो एका ठरावीक दोषाच्या मागे होता, आणि एकाच गुरूचं ऐकत होता. दुसऱ्याला नेमकं काय बिघडलंय तेच कळेना, म्हणून तो सगळंच दुरुस्त करत राहिला.

भाची: हेही निकाल कळल्यावरचंच शहाणपण. फाल्डो हरला असता तर त्यालाच तू हट्टी म्हणाला असतास.

(इथे मामा थोडे अडले. भाचीचा मुद्दा पक्का आहे. मग ते क्रिकेटकडे वळले. मराठी माणूस वादात अडला की सचिनकडे जातोच.)

मामा: तिसरा रस्ता आहे. २००४ची सिडनी कसोटी. त्या मालिकेत सचिन दोनदा शून्यावर गेलेला. ऑफ स्टंपबाहेर ड्राइव्ह करताना बाद होतोय, हे दिसल्यावर त्याने कव्हर ड्राइव्ह सुधारला नाही. तो खेळलाच नाही! ४३६ चेंडूंत नाबाद २४१. तूही ड्रायव्हर पिशवीतच ठेव. टीवरून लोखंडी क्लब मार.

भाची: सचिनसमोर गोलंदाज होता. तो चेंडू टाकतो आणि फलंदाजाला विचार करायला वेळच उरत नाही. माझा चेंडू टीवर निमूट बसलेला असतो. मी उभी राहते आणि शंका सुरू. ग्रिप घट्ट झाली का? खांदा लवकर फिरेल का? शिवाय सोडून दिलेला फटका परत येतोच असं कुठे आहे? ड्रायव्हर कायमचा पिशवीत राहिला तर?

मामा: मग करणार काय?

भाची: प्रोकडे जाणार. पण फक्त ग्रिपसाठी, आणि होळीपर्यंतच. तोवर स्कोअर कितीही चढला तरी दुसरं काही बदलायचं नाही. होळीनंतर स्लाइस तशीच असली, तर जुनी ग्रिप परत.

मामा: होळीच का? तारीख मनानेच ठरवलीस की.

भाची: हो, पण आज ठरवली. सात होल वाईट गेल्यावर आठव्या टीवर ठरवायला गेले असते, तर मी नाही, भीतीने ठरवलं असतं.

मामा: आणि तोवर दर रविवारी हरणार?

भाची: ते काही नक्की नाही. वाईट कार्डं खरी-खरी भरत गेले की माझा हँडिकॅप वाढणार. मग तू मला आणखी चार-पाच स्ट्रोकची सवलत द्यायचीस.

मामा: थांब, थांब. त्या प्रोशी मला जरा बोलू दे.