निवड की नाइलाज?

आजारी माणूस आपला डॉक्टर कशावरून निवडतो? विद्वत्तेवरून, असे आपण सहज म्हणू. चेन्नईचा अनुभव मात्र निराळा आहे. १९८६ साली तेथील मद्रास मेडिकल कॉलेजातील डॉ. सुनीती सॉलोमन व त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांच्या संशोधनातून एचआयव्हीचे भारतातील अस्तित्व प्रथम उघड झाले. पुढे कित्येक रुग्णालयांनी या बाधितांना दारातूनच परत पाठविले. माहेरच्या गायतोंडे असलेल्या सुनीतीबाईंनी १९९३ मध्ये चेन्नईत वाय. आर. गायतोंडे केंद्र सुरू केले. जवळचे दवाखाने मागे टाकून रुग्ण तेथे येऊ लागले. याला निवड म्हणावे काय? जिथे अपमान होणार नाही असे दार शोधणे, हा नाइलाज होय.

२०१७ च्या कायद्याने एचआयव्हीबाधितांशी उपचारात भेदभाव करण्यास मनाई केली. परंतु एकदा दुखावलेले मन कायदा वाचून परत येत नाही. ‘असे रुग्ण आमच्याकडे येतच नाहीत’, असे एखादे रुग्णालय समाधानाने सांगते, तेव्हा ते नकळत स्वतःविरुद्धच साक्ष देत असते. आपल्या मंडळ्यांचीही रुग्णालये आहेत. तेथे कोण येत नाही, आणि का, हे आपण कधी विचारले आहे काय?