पराजिताचे देणे

कुस्तीच्या फडात चीतपट झालेला मल्ल उठतो, अंगावरची माती झटकतो आणि जिंकणाऱ्याच्या हातात हात देतो. आपल्या बागलाणातील यात्रांमधून हे दृश्य अनेकांनी पाहिले असेल. विजय ही एकट्याची मिळकत नसते; पराजिताने ती मान्य करावी लागते, असे त्या हस्तांदोलनात गृहीत असते. पण समोरचा मल्ल दिसतच नसेल, तर हे देणे उरते काय?

प्रश्न काल्पनिक नाही. सटाण्यातील एखादा मुलगा आज घरच्या प्लेस्टेशनपुढे बसून, इंटरनेटद्वारे, शेकडो मैलांवरच्या अनोळखी माणसाशी ‘स्ट्रीट फायटर’ किंवा ‘टेकन’ खेळू शकतो. १९९१ साली ‘स्ट्रीट फायटर २’ आला, तेव्हा दोघे प्रतिस्पर्धी एकाच पडद्यापुढे शेजारी उभे राहून झुंजत. हरणाऱ्याला तोंड लपवायला जागा नव्हती. आता तो सरळ तार उपटू शकतो. २०१६ साली ‘स्ट्रीट फायटर ५’ बाजारात आला, तेव्हा अशा पलायनाला आपोआप शिक्षा देणारी व्यवस्थाच त्यात नव्हती. पराभव दिसू लागताच कित्येक खेळाडू ऐन शेवटी जोडणी तोडत. जिंकू घातलेल्याच्या पदरी काहीच पडत नसे. पुढे कॅपकॉम कंपनीने सराईत पळपुट्यांचे गुण कापले.

कोणी म्हणेल, सावल्यांच्या लढाईत कसले आले पाप? हा पोरखेळ आहे, असे म्हणणेही आता कठीण आहे. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत याच खेळाला पदक होते आणि भारतातर्फे मयंक प्रजापती व अयान बिस्वास उतरले होते. पण पदके बाजूला ठेवू. पडद्यावर सावली असली, तरी पलीकडे माणूस असतो. त्याचा वेळ आणि त्याचा सराव खरा असतो.

या खेळात एका सेकंदात साठ चित्रे सरकतात आणि दूरच्या खेळाडूने दाबलेले बटण वाटेत रेंगाळते. यावर टोनी कॅनन यांनी २००६ च्या सुमारास एक तोड काढली. समोरचा बहुधा आधीचीच हालचाल चालू ठेवील, असा अंदाज बांधून यंत्र खेळ पुढे नेते. खरी हालचाल येऊन पोहोचली आणि अंदाज चुकला असेल, तर क्षणभर मागे जाऊन दुरुस्ती करते. या तंत्राचे नाव जीजीपीओ. त्या आद्याक्षरांचा भावार्थ ‘खेळ छान झाला, येतो’ असा आहे. मला हे नाव फार भावते. दोन माणसांमधले अंतर मिटवू पाहणाऱ्याला निरोपाचा नमस्कार आवश्यक वाटला!

आता खेड्यापाड्यांतली नित्याची गोष्ट घ्या. ऐन झुंजीत वीज जाते. पलीकडच्याला दिसते ते एवढेच, की जोडणी तुटली. ती विजेने तुटली की हाताने, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. ते केवळ अलीकडचा मुलगा जाणतो. म्हणूनच तार उपटणाऱ्याचा अपराध एका सामन्यापुरता राहत नाही. तो आपल्यामागून येणाऱ्या प्रामाणिक मुलाची पत आधीच खर्चून टाकतो. वीज परतल्यावर हा मुलगा ‘वीज गेली होती, पुन्हा खेळू या’ असा निरोप धाडतो. निरोप खरा असतो. पण आधी चार वेळा फसवला गेलेला तो दूरचा माणूस तो वाचून काय समजेल?