सनई सोबत आणा

गणराया, आज माघी चतुर्थी. डोंबिवलीत तुझ्या दारात मी सनई न घेता उभा आहे. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच घडतंय.

गेल्या आषाढात कल्याणहून लग्न वाजवून येताना ओल्या रस्त्यावर दुचाकी घसरली. वरचे पुढचे दोन दात गेले. एक अर्धा तुटला, दुसरा मुळासकट हातात आला. हातपाय शाबूत राहिले म्हणून घरच्यांनी तुझ्यापुढे नारळ फोडला, मीही हात जोडले. माझं पोट त्या दोन दातांवर होतं, हे तेव्हा कळलं नव्हतं.

लोक म्हणतात, सनई फुंकेवर वाजते. खरं तर ती ओठांवर वाजते आणि ओठांना आधार दातांचा. इवलीशी पत्ती ओठांत धरायची, आवळायचीही नाही आणि सोडायचीही नाही. मागे दात नसले की वरचा ओठ आत जातो, वारा कडेने निसटतो, तार षड्जाकडे जाता जाता सूर खाली बसतो. कवळी लावून पाहिली. जोराची फुंक मारली की ती टाळूवरून सुटायची. साथीदार सूर धरून माझ्याकडे पाहत राहायचा. ते पाहणं सोसवत नव्हतं, देवा.

त्याहून एक गोष्ट जास्त सलते. निखळलेला दात मी नळाखाली घासून धुतला आणि रुमालात बांधून ठेवला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, मुळाला हात न लावता तो दुधात ठेवून तासाभरात आणला असता, तर कदाचित परत बसवता आला असता. जिथे पडलो तिथेच चहाची टपरी होती. दूध चार पावलांवर होतं.

म्हणून पहिलं मागणं माझ्यासाठी नाही. कल्याणच्या बँडमधली पोरं ट्रंपेटची कडा ओठांवरून दातांवर दाबून वाजवतात. ठाण्यातल्या क्लॅरिनेटवाल्यांचे वरचे दात थेट वाद्यावर टेकतात. त्यांना ही दुधाची गोष्ट वेळेत कळू दे. दात धड आहेत तोवरच त्यांचे साचे घेऊन ठेवायची बुद्धी दे, म्हणजे वेळ आलीच तर नवे दात जुन्यांसारखेच घडवता येतील.

आता माझं. भाद्रपदात डॉक्टरांनी हाडात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. हाडाने ते पक्के धरायला तीन ते सहा महिने जातात. त्यांनीच चेट बेकर या अमेरिकी ट्रंपेटवादकाबद्दल सांगितलं. 1966 साली मारहाणीत त्याच्या दातांची वाट लागली, कवळी आली, आणि तो फुंकायला पुन्हा पहिल्यापासून शिकून 1970 च्या दशकात मंचावर परतला. मी त्याचं वाजवणं कधी ऐकलेलं नाही, पण रात्री झोप येत नाही तेव्हा त्याची आठवण येते.

एकदंता, तुझ्या या नावाने आजवर किती वेळा हाक मारली, अर्थ कधी मनात आला नाही. मोडलेल्या दातानेच तू महाभारत लिहिलंस म्हणतात. मला एवढंच दे की ओठ नव्या दातांना आपलं म्हणोत, आणि 1999 पासून इथून निघणाऱ्या पाडव्याच्या शोभायात्रेत यंदा चार पावलं तरी वाजवता येऊ दे. तार षड्ज नाही लागला तरी चालेल, मध्य सप्तक पुरे.

उद्या सकाळी तात्पुरते दात बसवून पाहायचे आहेत. डॉक्टरांनी सनई सोबत आणायला सांगितली आहे.