भगवंत चार पायऱ्या खाली येतात



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय 12, श्लोक 8 ते 12.

शिकवणारा माणूस साधारणपणे सोप्याकडून अवघडाकडे नेतो. इथे क्रम उलटा आहे. आठव्या श्लोकात भगवंत एकदम शिखरावरची गोष्ट सांगतात: मन आणि बुद्धी दोन्ही माझ्यात ठेव. नवव्यात म्हणतात, चित्त असं स्थिर होत नसेल तर अभ्यास कर, पुन्हा पुन्हा प्रयत्न कर. दहाव्यात, अभ्यासही झेपत नसेल तर जे करतोस ते माझ्यासाठी कर. आणि अकराव्यात, तेही जमत नसेल तर कर्माचं फळ सोड. अर्जुन मध्ये एक शब्दही बोललेला नाही. 'जमत नाही' असं त्याने म्हणायच्या आधीच देव एकेक पायरी खाली येत राहतो.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच ओळखीचं वाटतं. नेटवर्क गेलं की व्हिडिओ बंद होतो आणि कॉल आवाजावर चालू राहतो. फॉलबॅक. पण फॉलबॅकमध्ये एक गृहीत असतं, की खालच्या पर्यायात काहीतरी कमी मिळणार. बाराव्या श्लोकाची अडचण तिथेच आहे. अभ्यासापेक्षा ज्ञान बरं, ज्ञानापेक्षा ध्यान, ध्यानापेक्षा कर्मफळाचा त्याग. आणि त्यागामागोमाग लगेच शांती. म्हणजे जी पायरी सगळ्यांत शेवटी, 'काहीच जमत नाही' त्याच्यासाठी सांगितली, तिलाच सगळ्यांत वर बसवलं! शंकराचार्य आपल्या भाष्यात म्हणतात की ही स्तुती आहे, साधकाने त्या मार्गाला लागावं म्हणून केलेली. लोकमान्य टिळकांना गीतारहस्यात हे पटत नाही. त्यांच्या मते भगवंत जे बोलले तेच त्यांना म्हणायचं आहे. मी विद्वान नाही. पण गेल्या डिसेंबरापासून मी टिळकांच्या बाजूला झुकलोय, आणि त्याचं कारण पुस्तकातलं नाही.

आम्ही पाच जण कळसूबाईला गेलो होतो. पहाटे कसारा, तिथून जीपने बारी गाव आणि मग चढ. 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. पण वाट रुळलेली, कड्याच्या जागी लोखंडी शिड्या, त्यामुळे सकाळी चढून संध्याकाळी परत येता येतं. आमच्यातल्या एकाच्या सॅकमध्ये मात्र खण आणि नारळ होता. दोन वर्षांपूर्वी त्याच्या गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालं तेव्हा त्याच्या आईने नवस बोलला होता, पोरगा नीट चालायला लागला की त्याला घेऊन वर येईन. त्या दर नवरात्रात कळसूबाई चढायच्या. तो चालायला लागला आणि चार महिन्यांनी त्या गेल्या. नवस राहिला.

दुसऱ्या शिडीपाशी त्याचा तोच गुडघा सुजला. थांबलो, पट्टी बांधली, पुन्हा दहा पावलं, पुन्हा थांबलो. आम्ही म्हटलं, नारळ दे, आम्ही वर वाढवतो. तो आधी हो म्हणाला, मग सॅक छातीशी धरून बसून राहिला. शेजारी ताक विकणाऱ्या मावशी सगळं ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "खालच्या देवळात ठेव की बाळा. ज्यान्ला चढवत नाही त्यांच्यासाठीच तं बांधलंय ते. तिथंबी तीच हाये."

"म्हणजे कन्सोलेशन प्राइज," तो मला हळूच म्हणाला.

तिघे वर गेले. मी याआधी शिखर पाहिलं होतं, म्हणून त्याच्याबरोबर उतरलो. दोन तास लागले. खालच्या देवळात त्याने खण-नारळ ठेवला, नमस्कार केला आणि बाहेर पायरीवर बसून विचारलं, "पोहोचलं असेल का रे?"

मला उत्तर आलं नाही. वर गेलेल्यांचे फोटो यायला लागले होते: शेंदूर, छोटं मंदिर, आणि खाली लांब पसरलेलं भंडारदऱ्याचं पाणी. ते पाणी प्रवरेचं. हीच प्रवरा पुढे नेवाशाला जाते, जिथे शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. मग परतीच्या लोकलमध्ये मोबाइलवर ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय उघडला. माऊली तर भगवंतांपेक्षाही खाली येतात. त्यांचं म्हणणं असं, की आठही प्रहर मन देता येत नाही ना? मग त्यातला एक क्षण दे. तेवढ्या क्षणापुरतं विषयांवरचं मन उडेल, आणि पुढे पौर्णिमेनंतर चंद्र कलेकलेने कमी होतो तसं ते हळूहळू संसारातून निघत जाईल. एक क्षण! ही सवलत आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? आपण 'जपात मन लागत नाही' म्हणून माळच खुंटीला टांगतो.

पण 'पोहोचलं का' हा प्रश्न अकराव्या श्लोकाचा आहे. निळी टिक दिसेपर्यंत आपल्याला चैन पडत नाही, देवाच्या बाबतीतही. नारळ ठेवणं हे कर्म. तो पोहोचला का, नवस फिटला का, आईला कळलं का, हे सगळं फळ. शिखरावर नारळ वाढवला असता तर कदाचित हा प्रश्न त्याला पडलाच नसता. उंचीने परस्पर उत्तर दिलं असतं. खालच्या देवळात मात्र त्याला नारळ ठेवून, पोहोचल्याची पावती न घेता उठावं लागलं. मला वाटतं ते चढण्यापेक्षा अवघड होतं. म्हणून ती पायरी शेवटची असूनही बाराव्या श्लोकात वर आहे.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण हा भाग सोयीने वाचला जातो. 'देव समजून घेतो' असं म्हणून रविवारी उशिरापर्यंत झोपणारे आपणच. भगवंत 'जमत नसेल तर' म्हणतात, 'नको वाटत असेल तर' असं म्हणत नाहीत. माझा मित्र दुसऱ्या शिडीपर्यंत सुजलेला पाय ओढत गेला होता. तुमची दुसरी शिडी कुठे आहे ते तुम्हालाच माहीत.

आणि हो, त्याने परवा फोन केला होता. फिजिओथेरपी पुन्हा सुरू केली आहे. नवसाबद्दल तो काही बोलला नाही, मीही विचारलं नाही.

उद्या श्लोक 13 पासून पुढे वाचू. भक्ताची लक्षणं तिथे सुरू होतात. तोवर एकदा हे पाच श्लोक मोठ्याने वाचा, जमल्यास सकाळीच.

जय हरी.