पाठीवरचं

रात्रीचे अडीच वाजले असतील. घरधनी मळ्यात गेला आहे. या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची आहे आणि यावलच्या वैशाखात केळीचं पाणी चुकवून चालत नाही. दिवसभर तापलेल्या भिंती अजून ऊन सोडताहेत. तू बाजेवर उशीला टेकून बसली आहेस. मांडीवर वीस-बावीस दिवसांचं बाळ. आणि मागून गळ्यात हात घालून, सगळा भार तुझ्यावर टाकून, अडीच वर्षांचा थोरला. त्यालाही प्यायचं आहे.

लगेच काही ठरवू नकोस. हो म्हणू नकोस, नाहीही म्हणू नकोस. थोडा वेळ अशीच बस.

धाकट्या भावंडाला आपल्यात पाठीवरचं म्हणतात. ज्याने कुणी हा शब्द काढला त्याने बाळंतपणं मोजली असतील, बाजेवर डोकावून पाहिलं नसेल. पाठीवर असतो तो थोरलाच. धाकटं मांडीत असतं.

आधी मांडीकडे बघ. बाळाची हनुवटी हलते आहे. दोन-तीनदा ओढतं, एक घोट घेतं, थांबतं. घोटाचा आवाज ऐकू येतो का बघ. अगदी बारीक, कुणी 'क' म्हणता म्हणता राहून जावं तसा. तो येत असला आणि दिवसातून सहा तरी लंगोट ओले होत असले की त्याला पुरतं आहे. रात्री अडीच वाजता एवढा हिशेब बास.

आता दुसऱ्या बाजूकडे लक्ष ने. तिथे कुणीच नाही, तरी पदर ओला झाला आहे. पान्हा एका बाजूचा येत नाही. ओढ डावीकडे लागली तरी फुटतो दोन्हीकडे. कोण पितं आहे, किती वर्षांचं आहे, त्याला दात आले आहेत की नाहीत, हे छातीला विचारायचं नसतं. विचारतात बाकीचे. त्या ओल्या पदराचा गारवा वाऱ्याने लागतो तेवढा लागू दे. पुसायची घाई नाही.

आता पाठ. तिथे तेरा किलोंचं ओझं आहे, मानेवर गरम श्वास आहे, आणि वास आहे: घामाचा, मातीचा, संध्याकाळी कुस्करून खाल्लेल्या केळ्याचा. बाळाला हा वास नाही, त्याला अजून नुसता दुधाचा आहे. वीस दिवसांपूर्वीपर्यंत या घरात सगळ्यांत लहान हाच होता. एका रात्रीत त्याचे हात मोठे झाले, डोकं मोठं झालं, पाय तर केवढे लांब दिसायला लागले. तो वाढला नव्हता. तुझ्या नजरेत माप बदललं होतं.

इथे जरा थांब. त्याचा पाय चाचपून बघ, अंगठ्यापासून टाचेपर्यंत. एका ओंजळीत मावतो अजून.

मागे जाऊ. पाळी चुकली तेव्हा तो दोन वर्षांचाही नव्हता. जागतिक आरोग्य संघटना सांगते, पहिले सहा महिने निव्वळ आईचं दूध, मग वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही. कुराणातही पुरी दोन वर्षं सांगितली आहेत, हे गल्लीतल्या तडवी भाभीला कुणी समजावून द्यावं लागत नाही. तुझ्या घरात मात्र परीक्षेच्या पट्टीवर रेघ उमटली त्याच दिवशी निकाल लागला होता. सासूबाई म्हणाल्या, "पोटातल्याचं दूध आहे वं ते. पोऱ्याले बाधंल. तोडून टाक."

हे बोलताना त्यांच्या हातात चहाची बशी होती. चहातलं दूध गोठ्यातल्या म्हशीचं, आणि म्हैस सात महिन्यांची गाभण. म्हैस दहा महिने वागवते. शेवटचे दोनेक महिने तिला आटवतात, पण तोवर सकाळ-संध्याकाळ बादली भरते आणि ते दूध अख्खं घर पितं. नासलं, बाधलं, असं कुणी म्हणत नाही. मी माझ्या वेळी हे माझ्या सासूबाईंना बोलून दाखवलं नाही. आता लिहिते आहे म्हणजे अजून गिळलेलं नाही.

पण म्हातारीला हसूही नकोस. तिच्या मागे फार जुनी माणसं उभी आहेत. गरोदर आईचं दूध पीत राहिलेल्या मुलाला होणाऱ्या आजाराला आयुर्वेदात पारिगर्भिक असं नावच आहे. अष्टांगहृदयात आहे, माधवनिदानात आहे. भूक मंदावते, खोकला होतो, पोट पुढे येतं, मूल रोडावतं. आणि तिकडे आफ्रिकेत, आजच्या घानात, सिसिली विल्यम्स नावाच्या डॉक्टरने अशीच सुजलेली, किरकिरी मुलं पाहिली. तिथल्या गा भाषा बोलणाऱ्या बायांकडून तिला आजाराचं नाव मिळालं, क्वाशिओरकोर, आणि ते तिने 1935 साली लॅन्सेटमध्ये छापलं. अर्थ असा, की पुढचं मूल आलं म्हणून जागेवरून उठवलेल्या मुलाचं दुखणं.

ही दोन नावं मनात शेजारीशेजारी ठेव. एक म्हणतं, पीत राहिला म्हणून आजारी पडला. दुसरं म्हणतं, पिण्यावरून उठवला म्हणून. दोघांनी पाहिलं ते मूल एकच होतं, पोट पुढे आलेलं आणि खंगत चाललेलं. दूध नासत नव्हतं. चौथ्या-पाचव्या महिन्यापासून ते पोटातल्या बाळासाठी आपणच कमी होत जातं, घट्ट होतं, खारट लागतं, चिकाच्या वळणावर जातं. आणि दोन वर्षांच्या पोराच्या ताटात त्याच्या जागी दुसरं काही पडत नव्हतं. डाळ नाही, अंडं नाही, भाकरीवर तेल नाही. म्हणजे म्हातारीचं निदान चुकलं, पण तिची नजर खोटी नव्हती.

तुझ्या पोराला वरण-भात मिळत होता. तेव्हा ती भीती तुझी नाही. श्वासाबरोबर जाऊ दे.

वैद्यकाचं तेवढं चटकन सांगते. दूध ओढलं की ऑक्सिटोसिन सुटतं आणि त्याने गर्भाशय आकसतं, हे खरं. पण गरोदरपणात बरेच महिने गर्भाशय त्या हाकेला फारसा ओ देत नाही, म्हणून ठणठणीत बाईने पाजलं तर सहसा काही होत नाही. अंगावर लाल गेलं, कळा नेमाने यायला लागल्या, आधीचं बाळंतपण दिवसांआधी झालेलं असलं, जुळी असली, तर आधी डॉक्टर, मग बाकीचं. आणि बाळंत झाल्यावर पहिले काही दिवस चिकावर पहिला हक्क धाकट्याचा. आपल्याकडे तोच चीक पिळून टाकायचे, आणि म्हशीच्या चिकाचा खरवस करून वेलची घालून खायचे.

आता जेवणाकडे ये. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तक्त्यात गरोदर बाईला रोज 350 कॅलरी जास्तीच्या सांगितल्या आहेत, म्हणजे साधारण ज्वारीची एक भाकर आणि मूठभर शेंगदाणे. पाजणाऱ्या बाईला पहिले सहा महिने 600. या दोन वेगळ्या ओळी आहेत. यावलच्याच आदिवासी विकास प्रकल्पाच्या कार्यालयाखाली वर सातपुड्याच्या कुशीतले पाडे येतात. तिथे 2015 पासून अमृत आहार योजनेत बायांना एक वेळचं चौरस जेवण मिळतं, आणि तिथेही शब्द तेच, गरोदर व स्तनदा माता. त्या दोन शब्दांमधला 'व' म्हणजे तू. सात-आठ महिने तू तेवढ्या एका अक्षरात राहिलीस. काय खाल्लंस तेव्हा, आठव. कुणी वाढलं, की उरलं ते खाल्लंस? उत्तर मनातल्या मनात दे.

केळीत बाग निसवेपर्यंत बुंध्याशी फुटणारं पील वाढू देत नाहीत. बाया विळा घेऊन बुंध्यापाशी वाकतात आणि कापत जातात, कारण पील आईचं खातं. घड बाहेर पडला की मग एक राखतात. यावलात हा दाखला तुला कुणी ना कुणी दिला असणारच. मला तो ऐकायला आवडतो आणि लागू करायला आवडत नाही. केळीला घड एकदाच येतो, कापला की खोडही पाडतात.

आता अवघड जागी जायचं आहे. सावकाश जाऊ.

गरोदरपणात कधीतरी, दूध आटलेलं असताना, तो ओढत राहिला आणि तुझ्या अंगावर काटा आला. मायेचा नव्हे. दातांमागून कळ निघावी, कुणी कातडीखालून नख ओढावं, त्याला ढकलून पळून जावं, असं. बाळंतपणानंतरही हे येतं: धाकटं पितं तेव्हा काही नाही, आणि थोरल्याने तोंड लावलं की शिसारी. मग त्या शिसारीची लाज. पोटच्या पोराची शिसारी येणारी आई, हे वाक्य तू स्वतःशीही पुरं म्हणाली नसशील.

आत्ता म्हण. हळू.

काही झालं नाही ना? भिंत तशीच आहे, बाळ पितंच आहे. पान्हा जसा न विचारता येतो, तसंच हे येतं. पान्ह्याचं कौतुक तू स्वतःकडे घेतलं नाहीस, शरीराला दिलंस. मग या काट्याचा दोषही त्याच खात्यावर टाक. प्रश्न दुधाचा नव्हताच. कमी पडत होती कातडी. दिवसभर कुणीतरी तिला चिकटलेलं, आणि तिचा एकही तुकडा तुझा एकटीचा राहिलेला नाही. जिथे कुणाचा हात नाही अशी जागा शोध बघू अंगावर. डाव्या पायाचा घोटा असेल. तिथे लक्ष ठेव थोडा वेळ. तेवढा घोटा तुझा.

तोडायचं असलं तर तोड. दोघांना पाजणारी बाई काही थोर नाही आणि एकाला सोडवणारी कमी नाही. पण कडुलिंबाचा पाला वाटून लावतात, कोरफड लावतात, ते मला पटत नाही. नकार आपला, आणि नाव लिंबाचं. पोराने तोंड लावावं आणि आई कडू निघावी, त्यापेक्षा त्याला सांगावं, आता नाही, सकाळी. तो रडेल. तोंड कडू होऊन रडण्यापेक्षा तुझ्या खांद्यावर रडेल.

मी मधला रस्ता काढला होता. अंगावर काटा यायला लागला की मी मोठ्याने आकडे म्हणायची, दहापर्यंत. दहा झाले की सोडायचं, असा आमचा करार. पहिले आठ दिवस त्याने तो पाळला नाही, मग पाळला. आकडे तो तिथेच शिकला, छातीशी, आणि शाळेत बाईंनी म्हणायला लावल्यावर दहाला थांबून इकडेतिकडे बघायचा.

तर आता धाकटं सुटलं आहे. ओठाच्या कडेला थेंब आहे, मूठ उघडली आहे. त्याला बाजूला, भिंतीकडे ठेव. दूर कुठेतरी मोटार चालू झाल्याचा आवाज येतो आहे. लाइट आली म्हणायची, मळ्यात पाणी सुरू झालं असेल.

पाठीवरचा पुढे आला आहे. विचारत नाही, नुसता बघतो आहे. तुला आत्ता कसं वाटतं आहे ते बघ, आणि जे असेल ते त्याला सांग. हो असेल तर पदर बाजूला कर आणि मोजायला लाग. तो एका हाताने दुसऱ्या बाजूचं चाचपेल, तो हात धरून ठेव. एक, दोन, तीन. सातपर्यंत तू म्हणशील. आठ तो तोंडातून न सोडता म्हणेल, ऐकू येईल न येईल असं. मग नऊ. मग पुन्हा नऊ. मग डोळे मिटून, अगदी हळू, आणखी एकदा नऊ.